उंदीर मेझमध्ये सोडण्याआधी

आमच्या लॅबमध्ये नवीन मूल आलं की पहिला आठवडा मी त्याला मेझला, म्हणजे उंदराची चाचणी घ्यायच्या भुलभुलैयाला, हात लावू देत नाही. अर्धी मुलं मला ताई म्हणतात, अर्धी बेन. कुरकुरतात मात्र सगळी सारखीच. एमफार्मला पहिल्या वर्गात पास झालेला मुलगा पाण्याच्या बाटल्या भरतोय, केज मोजतोय, ओंजळीत उंदीर घेऊन नुसता उभा आहे. त्याला वाटतं, बाई राबवून घेतेय. दोन महिन्यांनी त्याच्या पहिल्याच आलेखात कंट्रोल गटाचे (ज्यांना औषध दिलेलंच नाही त्या उंदरांचे) ठिपके चहूकडे उधळलेले दिसतात, तेव्हा तो पुन्हा माझ्याकडे येतो. मग बोलणं सोपं जातं.

मी बडोद्यातल्या एका लॅबमध्ये 14 वर्षं उंदरांच्या वर्तनचाचण्या घेते आहे. औषधाने भीती कमी झाली का, आठवण राहते का, तोल जातो का, हे उंदराला विचारता येत नाही. त्याच्या चालण्या-थांबण्यातून वाचावं लागतं. आणि तो उत्तर देतो ते एकट्या तुमच्या औषधाबद्दल नाही. खोलीतला उजेड, एसीचा झोत, तुमच्या हाताचा वास, आधी येऊन गेलेला उंदीर, सगळ्यांबद्दल एका दमात सांगून टाकतो. त्यातलं औषधाचं तेवढं निवडून काढायचं. म्हणून या लेखात मेझपेक्षा खोलीबद्दल जास्त आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत माउस आणि रॅट दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. इथे उंदीर म्हणजे माउस, 20 ते 30 ग्रॅमचा. मोठा तो रॅट. हा फरक नुसता आकाराचा नाही, कारण रॅट उंदराला मारतो, खातोही. सकाळी ज्या खोलीत रॅटची चाचणी झाली तिथे दुपारी उंदीर आणलात, तर त्याच्या लेखी तो वाघाच्या गुहेत आला आहे. खोल्या वेगळ्या ठेवा. नसतीलच, तर दिवस वेगळे ठेवा आणि खोली नीट धुऊन वारा खेळू द्या.

आणि परवानगीशिवाय काही करू नका. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे (आधी सीपीसीएसईए म्हणायचो, आता सीसीएसईए), आणि प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिशास्त्र समिती असते. तुमचा प्रकल्प या समितीपुढे फॉर्म-बी मध्ये जातो. किती उंदीर, कोणते, का, शेवटी त्यांचं काय होणार, हे सगळं त्यात लिहायचं. मुलं हा फॉर्म मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी फाइलीतून उतरवतात. तसं करू नका. ‘इतके उंदीर का’ याचं उत्तर लिहिता येत नसेल तर प्रयोगच अजून डोक्यात तयार झालेला नाही.

खोली

1999 मधली एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक या तिघांनी आल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा तीन गावांतल्या लॅबमध्ये एकाच जातींचे उंदीर घेतले. चाचण्या त्याच, उपकरणं तीच, उंदरांचं वय तेच, चाचणीची वेळसुद्धा जुळवली. तरी काही चाचण्यांचे निकाल तीन ठिकाणी तीन आले. इतकं जुळवूनही ही गत, तर आपण काहीच न जुळवता काय होईल?

उजेडापासून सुरुवात करा. लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) घ्या आणि मेझच्या मधोमध एकदाच न मोजता प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक आर्मच्या, म्हणजे मेझच्या फाट्याच्या, टोकाला मोजा. आकडे जुळेपर्यंत दिवे हलवा. थेट खाली पडणारा ट्यूबलाइटचा उजेड नको; भिंतीवर पडून परत येणारा मंद उजेड बरा. उंदराला लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे अंधारातल्या नोंदींसाठी लाल दिवा चालतो.

मग हवा. माझ्या तिसऱ्या वर्षी प्लस मेझवर (चार आर्मचा, दोन उघडे, दोन भिंतींचे) सगळे उंदीर पूर्वेकडच्या उघड्या आर्मवर जायचे, पश्चिमेकडच्यावर फिरकायचेही नाहीत. उजेड मोजला, सारखा. मेझ फिरवून ठेवला, तरी पूर्वच. शेवटी शंका आली म्हणून देवघरातली उदबत्ती आणून पेटवली आणि धूर कुठे जातो ते बघितलं. एसीची हवा समोरच्या कपाटावर आपटून बरोबर पश्चिमेच्या आर्मवर उतरत होती. कोडं सुटलं, पण खोलीत मोगऱ्याचा वास भरला, आणि पुढचे चार दिवस तिथे चाचणी घेता आली नाही. आता मी काठीला रेशमाचा दोरा बांधून बघते. दोरा हलला की झोत आहे.

आवाजाचं दुखणं बडोद्यात जरा जास्तच. उत्तरायणात 14 आणि 15 जानेवारीला प्रत्येक गच्चीवर स्पीकर आणि पिपाण्या, नवरात्रात गरबा, गणपतीत दांडिया बाजारातून ढोल. आमचं अ‍ॅनिमल हाउस वरच्या मजल्यावर आहे, गच्चीच्या बरोबर खाली. एका वर्षी मी हट्टाने 16 जानेवारीला ओपन फील्ड (मोकळ्या पेटीतली चाचणी) सुरू केलं. उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन बसले आणि लेंड्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. तो आख्खा आठवडा बाद केला. आता पंचांग बघून वेळापत्रक आखते, आणि सण झाल्यावर तीन-चार दिवस मोकळे सोडते. सण सोडले तरी आपल्याला ऐकू न येणारे आवाज असतातच. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. उंदीर त्याच्या कितीतरी वरचं ऐकतो. ट्यूबलाइटचा चोक, यूपीएस, स्वस्तातले चार्जर, यांचा गुणगुणाट तुम्हाला ऐकू आला नाही म्हणून तो नाही असं नाही. चाचणीच्या खोलीत जे लागत नाही ते काढून टाका.

वासाबद्दल बायकांनी आणि पुरुषांनी वेगवेगळं ऐकायचं. बायकांनो, गजरा, अत्तर, हाताला लावायचं क्रीम, सगळं बंद. घरी मांजर असेल तर लॅबचे कपडे लॅबमध्येच ठेवा. ओढणीवरचा मांजराचा एक केस पुरतो. पुरुषांनो, 2014 मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की पुरुष संशोधक जवळ असला, किंवा त्याने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदीर-रॅटवर ताण येतो आणि त्या ताणाने त्यांचं दुखणंसुद्धा दबतं. म्हणजे वेदनेच्या चाचणीत सोमवारी मी आणि मंगळवारी आमचे महेंद्रभाई असं चालणार नाही. एक चाचणी, एक माणूस. नाहीच जमलं तर दोघांनी सगळ्या गटांतले उंदीर सारखे वाटून घ्यायचे आणि वहीत कोणाच्या हातून काय झालं ते लिहायचं.

जेवणानंतर हात धुऊन या, हेही सांगावं लागतं. दुपारी कोपऱ्यावर सेव-उसळ खाऊन कांद्या-लसणाचे हात घेऊन येणारे दरवर्षी भेटतात.

हात

उंदीर शेपटीला धरून उचलायचा, असं मीही शिकले. 2010 मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीला धरलेले उंदीर माणसाला टाळतात आणि जास्त घाबरट वागतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माणसाच्या हाताकडे आपणहून येतात. आमच्याकडे मोठ्या नळ्या विकत घ्यायला पैसे नव्हते. प्लंबरकडून 50 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला, 13-13 सेंटिमीटरचे तुकडे कापले, कडा काचपेपरने घासल्या. प्रत्येक केजमध्ये एक. उंदीर त्यात शिरून बसतोच, आपण नळी उचलायची.

उंदीर बाहेरून आले की आठवडाभर त्यांना नुसतं राहू द्या. मग तीन ते पाच दिवस रोज, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं हातात घ्या. पहिल्या दिवशी ते ओंजळीत शी-शू करतात आणि उडी मारायला बघतात. चौथ्या दिवशी हातावर बसून मिशा साफ करू लागतात. ते दिसलं की चाचणीची तारीख ठरवा. चाचणीच्या दिवशी केज खोलीत आणून अर्धा ते एक तास ठेवा. केज बदलण्याच्या दिवशी चाचणी कधीच नको. नवीन बेडिंगचा (केजमधल्या अंथरणाचा) वास म्हणजे त्यांच्यासाठी नवीन घर.

आणि जात बघून घ्या. काळे सी-57 ब्लॅक-6 वय वाढेल तसे बहिरे होत जातात, त्यामुळे म्हाताऱ्या काळ्या उंदरांवर आवाजाची चाचणी घ्याल तर स्मरणशक्तीऐवजी कान मोजाल. सी-3-एच जातीचे उंदीर लहानपणीच आंधळे होतात. पांढऱ्यांची नजर कमजोर. ‘औषधाने स्मरण गेलं’ असं म्हणण्याआधी दिसतं का, ऐकू येतं का, पोहता येतं का, हे तपासलं पाहिजे. माद्या वगळायची जुनी सवय अजून आहे, की म्हणे त्यांच्या पाळीचक्राने आकडे हलतात. 2014 मध्ये प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी शेकडो शोधनिबंध तपासून दाखवलं की माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत. दोन्ही घ्या.

ओपन फील्ड

घरात उंदीर झाले की माझी आजी दांडिया बाजारच्या वाड्यात पिंजरा भिंतीला चिकटून ठेवायची, खोलीच्या मधे नाही. ‘उंदीर भिंत सोडत नाही,’ ती म्हणायची. ओपन फील्ड म्हणजे आजीचं हेच वाक्य सेंटिमीटरमध्ये. 1934 मध्ये कॅल्व्हिन हॉल यांनी हे रॅटवर सुरू केलं. चौरस पेटी, आमची 40 बाय 40, भिंती उंच. उंदीर कडेला सोडायचा, 10 मिनिटं वरून चित्रीकरण करायचं. एकूण किती अंतर चालला, मधल्या चौकोनात किती वेळ गेला, किती वेळा मागच्या पायांवर उभा राहिला, लेंड्या किती, हे मोजायचं. भीती कमी झाली की तो भिंत सोडून मधे येतो.

इथे नेहमी फसायला होतं. औषधाने उंदीर नुसताच जास्त पळू लागला तरी मधले फेरे वाढतात, आणि झोपेत ढकलणारं औषध दिलं तर तो कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून मधला वेळ एकटा कधीच छापू नका. शेजारी एकूण अंतर द्या.

पेटी आम्ही आधी प्लायवूडची केली होती. लाकूड मूत्र पितं, आणि पुढचा प्रत्येक उंदीर मागच्याची चिठ्ठी वाचत बसतो. मग मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारागिराकडून अ‍ॅक्रिलिकची करून घेतली. ती दर उंदरामागे 70 टक्के अल्कोहोलने पुसायचो, तर सहा महिन्यांत जाळीसारख्या चिरा पडल्या. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल सोसत नाही. सौम्य साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं, मग पाच मिनिटं थांबायचं. पहिल्या उंदराच्या आधीही पुसायचं, नाहीतर पहिलाच तेवढा वेगळ्या वासाच्या पेटीत जातो.

प्लस मेझ

अधिकच्या चिन्हासारखा मेझ, जमिनीपासून 40 ते 50 सेंटिमीटर उंच. आर्म 30 सेंटिमीटर लांब, 5 रुंद. समोरासमोरचे दोन उघडे, दोघांना भिंती. उंदराला बंद जागा आवडते आणि नवं बघायची ओढही असते, या दोघांची ओढाताण आपण मोजतो. मधोमध ठेवायचा, तोंड उघड्या आर्मकडे, 5 मिनिटं. उघड्या आर्मच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची पट्टी लावा, पडणं कमी होतं. तरी पडला तर तो उंदीर बाद, आणि हे आधीच ठरवून लिहून ठेवलेलं असायला हवं. आकडे बघून मग ‘हा पडला होता ना’ असं आठवणं म्हणजे लबाडी.

एका उंदरावर एकदाच. दुसऱ्यांदा त्याला मेझ माहीत असतो, उघड्या आर्मवर तो जात नाही, आणि डायझेपाम, म्हणजे भीती कमी करणारं ओळखीचं औषध, तेसुद्धा मग काही करत नाही. डायझेपामचा एक गट दरवेळी ठेवा. त्या गटातही फरक दिसला नाही तर तुमचं नवीन औषध निकामी असं समजू नका. खोली बिघडलेली आहे.

‘आर्ममध्ये गेला’ म्हणजे काय, हे लिहून भिंतीला चिकटवा. आमच्याकडे दोन मुलींनी तेच चित्रीकरण बघून एकीने 9 फेरे मोजले, दुसरीने 17. एक चारही पाय आत आल्यावर मोजत होती, दुसरी पुढचे दोन. चार पाय. आता नवीन माणूस आधी जुनी दहा चित्रीकरणं मोजतो, माझ्या आकड्यांशी पडताळतो, मगच खरं काम हातात घेतो.

वाय मेझ आणि वस्तू

वाय मेझला शिकवायला काही लागत नाही. तीन आर्म: अ, ब, क. उंदराला आठवत असेल तर तो नुकत्याच बघितलेल्या आर्ममध्ये परत न जाता तिसऱ्याकडे वळतो. 8 मिनिटं नोंद करायची. समजा तो असा फिरला: अ, ब, क, ब, अ, क, अ, ब. फेरे 8. आता तीन-तीनच्या साखळ्या बघा: अबक बरोबर, बकब चूक, कबअ बरोबर, बअक बरोबर, अकअ चूक, कअब बरोबर. सहा साखळ्यांत चार, म्हणजे 66.7 टक्के. भाजक नेहमी एकूण फेरे वजा दोन. नुसतं नशीब असतं तर 50 च्या आसपास आला असता. फेरेच मोजके असतील तर टक्केवारीला अर्थ नाही, तो उंदीर फिरलाच नाही.

नव्या वस्तूची ओळख, ही चाचणी दिसायला सगळ्यात सोपी आणि बिघडवायलाही. आज दोन सारख्या वस्तू दाखवायच्या, उद्या त्यातली एक बदलायची. जुनी आठवत असेल तर उंदीर नवीला जास्त हुंगतो. नवीला 24 सेकंद, जुनीला 12, तर फरक 12, भागिले एकूण 36, म्हणजे 0.33. शून्य म्हणजे फरक कळला नाही.

वस्तू मी पहिल्या वर्षी घरून नेल्या. स्टीलच्या छोट्या वाट्या आणि काचेचे पेपरवेट. सगळे उंदीर, औषधवाले, बिनऔषधवाले, एकाच वाटीला चिकटून. मला वाटलं, काय सुंदर स्मरणशक्ती! सासूबाईंनी संध्याकाळी विचारलं, ‘मेतकुटाची वाटी कुठे गं नेलीस?’ तेव्हा कळलं. वाटी घासलेली होती, मला काही वास येत नव्हता. पण उंदराच्या नाकापुढे माझं नाक ते काय. आता वस्तू फक्त लॅबसाठी घेतलेल्या, प्रत्येकीच्या तीन प्रती, एक कालची, एक आजची, एक राखीव. दोन वस्तूंपैकी एक मुळातच जास्त आवडते का, ते वेगळ्या उंदरांवर आधी बघायचं. आणि वस्तूवर चढून बसणं म्हणजे हुंगणं नव्हे.

तोल बघायच्या रोटारॉडला जास्त सांगण्यासारखं नाही. फिरता दांडा, 5 मिनिटांत वेग मिनिटाला 4 वरून 40 फेऱ्यांपर्यंत, किती सेकंदांनी पडतो ते बघायचं. दांड्याला मिठी मारून सोबत गोल फिरणाऱ्यांवर लक्ष ठेवा, यंत्र त्यांना विजेता समजतं.

पाणी

वॉटर मेझ मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त छळतो. रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये रॅटसाठी ही कल्पना मांडली. गोल टाकी, उंदरांसाठी साधारण 120 सेंटिमीटर व्यासाची, त्यात गढूळ केलेलं पाणी, आणि पाण्याखाली एक सेंटिमीटरवर न दिसणारा छोटा चौथरा. उंदराला पोहता येतं पण आवडत नाही. भिंतीवरच्या खुणा बघून चौथरा कुठे आहे हे तो दिवसागणिक शिकतो. मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा लक्षात ठेवणारा भाग, नीट असेल तर.

आता बडोद्याचा मे महिना घ्या. पाणी लागतं 22 ते 24 अंशांचं. गच्चीवरच्या टाकीतून येतं ते आंघोळीला काढल्यासारखं. पहिल्या उन्हाळ्यात मी तेच भरलं, आणि उंदीर पाय पसरून निवांत तरंगत राहिले. चौथरा कुणाला हवाय? हल्ली बर्फवाल्याकडून सकाळी लादी येते, ती पिशवीत बांधून पाण्यात सोडायची, वल्ह्याने ढवळायचं, तीन ठिकाणी थर्मामीटर लावायचा. एकाच ठिकाणी मोजलंत तर वर कोमट आणि खाली गार. पाणी ढवळून दहा मिनिटं स्थिर होऊ द्यायचं. हिवाळ्यात उलटा खेळ, गरम पाण्याच्या बादल्या.

पाणी पांढरं करायला पुस्तकात दुधाची पावडर लिहिलेली असते. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता खोलीत विरजण लागल्याचा वास आला. बिनविषारी पोस्टर कलर वापरा. काळ्या उंदराला पांढरा, पांढऱ्या उंदराला काळा, म्हणजे कॅमेऱ्याला उंदीर दिसेल.

भिंतीवरच्या खुणांसाठी मी उरलेले पतंग लावते. एका भिंतीवर मोठा काळा-पांढरा, दुसऱ्यावर आडव्या पट्ट्यांचा, तिसऱ्यावर तीन छोटे. पतंगाचा कागद एसीने फडफडतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर चिकटवायचा. आणि लक्षात ठेवा, सगळ्यात मोठी खूण तुम्ही स्वतः आहात. एका वर्षी उंदीर इतके पटापट शिकले की मी खूश. मग एक दिवस लॅबमधली एक मुलगी स्टूल हलवून दुसरीकडे बसली, तर सगळे तिच्या दिशेने पोहले. मी रोज चौथऱ्याच्या बाजूलाच उभी राहत होते. आता पडदा आहे, उंदीर सोडला की पडद्यामागे.

रोज चार फेऱ्या, प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने सोडायचा, 60 सेकंदांत सापडला नाही तर हाताने चौथऱ्यापर्यंत न्यायचा आणि 15 सेकंद तिथे बसू द्यायचा. पाच दिवस. सहाव्या दिवशी चौथरा काढून टाकायचा आणि तो कुठे शोधतो ते बघायचं. टाकीचे चार भाग, म्हणजे नुसतं भटकला तर चौथऱ्याच्या भागात 25 टक्के वेळ जाईल. शिकलेला असेल तर बराच जास्त. शेवटी चौथरा वर काढून, झेंडी लावून एक फेरी घ्यायची. दिसणारा चौथराही सापडत नसेल तर प्रश्न नजरेचा किंवा पायांचा आहे, स्मरणाचा नाही. प्रत्येक फेरीनंतर टॉवेलने टिपायचा, दिव्याखाली ठेवायचा. ओला उंदीर मिनिटांत गारठतो.

सॉफ्टवेअर पोहण्याची रेघ काढून देतं. ती रेघ प्रत्येक उंदराची डोळ्यांनी बघा. पाण्यावरचं दिव्याचं प्रतिबिंब किंवा तरंगणारी लेंडी यालाच उंदीर समजून त्याने कितीदा तरी भलत्याच ठिकाणी रेघोट्या मारलेल्या मी पाहिल्या आहेत. एका जागी कोळ्याच्या जाळ्यासारखी गिचमिड दिसली की समजायचं.

पोहायला लावायची दुसरी चाचणी, पोर्सोल्ट यांची 1977 मधली, मी शक्यतो टाळते. गुळगुळीत भांड्यात 6 मिनिटं, शेवटच्या 4 मिनिटांत किती वेळ तो नुसता तरंगला ते मोजायचं, आणि त्याला ‘निराशा’ म्हणायचं. सुटका नाही हे कळल्यावर शक्ती वाचवणं ही निराशा की शहाणपण? शिवाय माणसाला नैराश्याची गोळी लागू पडायला आठवडे लागतात, आणि इथे ती तासाभरात काम करते. तुमच्या मार्गदर्शकांना ही चाचणी हवीच असेल तर सगळ्यात शेवटी ठेवा.

क्रम तसाच, हलक्यापासून जडाकडे: ओपन फील्ड, प्लस मेझ, वाय मेझ, वस्तू, रोटारॉड, मग पाणी. मधे एक-दोन दिवस सोडा. चिठ्ठ्या टाकून गट ठरवा. एका केजचे सगळे उंदीर एकाच गटात टाकले तर औषध मोजताय की केज, हे तुम्हालाच कळणार नाही. डोस देणारा वेगळा, मोजणारा वेगळा; औषधाच्या नळ्यांवर फक्त अ, ब, क, आणि कोणतं अक्षर म्हणजे काय ही किल्ली पाकिटात बंद, आमच्याकडे ती ऑफिसच्या कपाटात असते. मोजणाऱ्याला गट माहीत असेल तर त्याचा अंगठा स्टॉपवॉचवर अर्धा सेकंद आधी पडतो. मुद्दाम नाही. पण पडतो.

वहीत वेळ, तापमान, कोण होतं, बाहेर काय चाललं होतं, सगळं लिहा. माझ्या वहीत एका पानावर ‘11.40, शेजारच्या इमारतीत ड्रिल’ एवढंच आहे, आणि त्या एका ओळीने नंतर आमचा एक शोधनिबंध वाचवला.

दिवस संपला की उंदीर आपापल्या केजमध्ये, नंबर पडताळून. मेझ धुऊन, पुसून, उभा करून ठेवा. निघताना प्रत्येक बाटलीच्या नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून बघा. हवा अडकली असेल तर बाटली भरलेली दिसते पण पाणी येत नाही. थेंब आला पाहिजे. नाही आला तर बाटली उलटी करून झटका द्या, आणि पुन्हा दाबून बघा.